सावली ओली की कोरडी?



गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न तीन-चार वेळा आला आहे. श्रीरामपूरच्या एका भगिनीने तो सगळ्यांत स्पष्ट मांडला आहे. त्या लिहितात, "दारात सासऱ्यांच्या हातचा कडुलिंब आहे. त्याच्याखाली दहा-बारा फुटांची जागा उघडी पडली आहे. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. मुलं म्हणतात पेव्हर ब्लॉक बसवू. थोरले दीर म्हणतात झाडच काढू, गाडी उभी राहील. दोनदा नर्सरीतून फुलझाडं आणून लावली, दोन्ही वेळा ती मेली. सावलीत फुलणारी आणि जमीन झाकणारी झाडं खरंच असतात का?"

असतात. तीसुद्धा साधी, आपल्या ओळखीची, बरीचशी शेजारणीकडून मागून आणता येण्यासारखी. पण कोणती झाडं घ्यायची हे ठरवण्याआधी आपली सावली कोणत्या जातीची आहे ते ओळखावं लागतं. कडुलिंबाखाली लावलेली झाडं मेली की आपण म्हणतो, "ऊन मिळालं नाही म्हणून मेली." आम्हाला वाटतं, आपल्या जिल्ह्यात दहांतली आठ झाडं तरी उन्हावाचून नव्हे, पाण्यावाचून मरतात.

दोन जातींची सावली

सावली दोन प्रकारची असते, ओली आणि कोरडी. मोरीच्या मागची, हौदाजवळची, जिथे भिंतीला शेवाळ धरतं ती ओली सावली. जुन्या झाडाखालची, घराच्या पागोळीआड जिथे पावसाचं पाणीही नीट पोचत नाही ती कोरडी सावली. नर्सरीत 'सावलीची झाडं' म्हणून जी मिळतात त्यांतली बहुतेक ओल्या सावलीतली असतात. नेचे, कॅलेथिया, पीस लिली, इम्पेशन्स ही सगळी दमट हवेची मंडळी. महाबळेश्वरला ती हसत वाढतात. नगर शहरात वर्षाकाठी साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस, मार्चपासून कोरडं वारं, आणि वर कडुलिंबाची मुळं जमिनीतलं पाणी शोषून घेणारी. तिथे ही झाडं मे महिना बघत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही, आणि लावणाऱ्याच्या हातालाही बोल लावायला नको. जागा कोरड्या सावलीची आणि झाड ओल्या सावलीचं, एवढंच ते बिघडलेलं गणित.

आता आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला जाऊन बघा. अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला पाऊस हजारो मिलिमीटर पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या झाडीतली जमीन दिसतच नाही. झाडांखाली रानहळद, तेरडा, केना यांची गर्दी असते. पण त्याच जागी एप्रिलमध्ये गेलं तर पाचोळ्याखेरीज काही दिसत नाही. मग ही झाडं गेली कुठे? रानहळद कंदाच्या रूपाने जमिनीत झोपलेली असते आणि तेरडा बियांच्या रूपाने. वरचा पाचोळा हे त्यांचं पांघरूण.

कोरड्या सावलीचं सगळं रहस्य या झोपेत आहे. उन्हाळ्यात जी झाडं झोपू शकतात किंवा कमी पाण्यावर तग धरू शकतात, तीच आपल्या कडुलिंबाखाली टिकतील. म्हणून वाफ्यात निम्मी झाडं झोपणारी आणि निम्मी सोशिक, असा हिशेब ठेवायचा. (भंडारदऱ्याला सहलीला गेलात तर रानातले कंद मात्र उपटून आणू नका. तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. आपल्याला लागणारं सगळं गावात मिळतं.)

आधी सावली मोजा

हे काम मुलांना द्या. त्यांचा भूगोलही पक्का होतो. आम्ही शाळेत सातवीच्या मुलांकडून ते करून घेतो. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता वाफ्यात जिथे जिथे ऊन पडतं, तिथे खडे ठेवायचे. नऊचे पांढरे, बाराचे लाल विटेचे, तीनचे काळे. संध्याकाळी खडे बघितले की जागेचा नकाशाच तयार होतो. फक्त पांढरे खडे असतील ती सकाळच्या कोवळ्या उन्हाची जागा, म्हणजे सगळ्यांत चांगली. फक्त काळे असतील तिथे उतरतं, तापलेलं ऊन येतं, ती कठीण. एकही खडा नसेल ती दाट सावली.

झाडाखालची सावली चाळणीसारखी असते, तिथे खड्यांनी नीट कळत नाही. दुपारी बारा वाजता जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर पंजा धरा. बोटांची कडा स्पष्ट उमटली तर ऊन भरपूर आहे. बोटं दिसतात पण कडा पुसट आहेत, तर अर्धसावली. नुसता धूसर डाग दिसला तर दाट सावली. दाट सावलीत फुलांची फार आशा धरू नये, तिथे पानांवर समाधान मानावं.

उत्तरेकडच्या भिंतीबद्दल एक सूचना. हिवाळ्यात तिथे दिवसभर ऊन येत नाही म्हणून आपण ती जागा सावलीची धरतो. पण आपला जिल्हा साधारण एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे ऐन मे महिन्यात त्या भिंतीला ऊन लागतं, आणि हिवाळाभर सावलीत रमलेली नाजूक झाडं पंधरा दिवसांत करपतात. म्हणून सावली वर्षातून दोनदा मोजावी, एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये.

माती आणि मुळं

नगरच्या मातीचा जुना अनुभव एका प्रसिद्ध कैद्याने लिहून ठेवला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. पंडित नेहरूंनी तिथेच लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या सुरुवातीला आपल्या बागकामाबद्दल सांगितलं आहे. ते रोज कित्येक तास फुलांचे वाफे खणत, आणि ती माती दगडांनी व जुन्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली होती. मौलाना अबुल कलाम आझादही त्याच किल्ल्यात होते. त्यांच्या 'गुबारे खातिर'मध्येही त्या अंगणातल्या फुलांचा उल्लेख येतो. उर्दू वाचणाऱ्या घरांत हे पुस्तक असेलच. नसेल तर जरूर आणावं. सांगायचं इतकंच की राडारोड्याच्या अंगणातही फुलं येतात, मात्र माती आधी माणसात आणावी लागते.

फरक एक आहे. उघड्या अंगणात कुदळ चालते, झाडाखाली चालत नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड फुटातच पसरलेली असतात. तिथे टिकाव घातला की झाडाला जखम होते. म्हणून सरसकट खणायचं नाही. खुरप्याने मुळं चुकवत सहा-सहा इंचांचे खळगे करायचे आणि त्यांत कुजलेलं शेणखत किंवा लेंडीखत मातीत मिसळून रोप लावायचं. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर ते तोडायचं नाही, खळगा चार बोटं बाजूला घ्यायचा.

दुसरी गोष्ट, बाहेरून ट्रॉलीभर काळी माती आणून झाडाखाली फूटभर थर देऊ नका. मुळांना हवा लागते. मातीच्या जाड थराखाली ती गुदमरतात आणि दोन-तीन वर्षांत झाडाचे शेंडे वाळू लागतात. दोन-तीन इंच पाचोळ्याचं खत पुरतं. खोडाभोवती दीड-दोन फूट जागा मोकळी सोडावी, खोडाला माती टेकवू नये.

पाचोळ्याबद्दल आमचा आग्रह जुनाच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंब पानं टाकतो तेव्हा घरोघरी सकाळी झाडलोट होते आणि कोपऱ्यात धूर निघतो. ज्याच्यासाठी आपण पैसे देऊन खत आणतो, तेच आपण जाळत असतो. दारासमोरचं अंगण स्वच्छ झाडा, जरूर झाडा, पण तो पाचोळा वाफ्यात टाका. वर थोडं पाणी शिंपडा. पावसाळ्यानंतर बोट घालून बघा, खालची माती मऊ झालेली असेल.

सोशिक मंडळी

अबोली. या वाफ्याची राणी हीच. दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची ही मूळ रहिवासी, अर्धसावली तिला मानवते. दीड-दोन फूट उंची, हिरवीगार चकचकीत पानं, आणि कडाक्याची थंडी सोडली तर जवळजवळ वर्षभर शेंदरी फुलं. वास नाही, पण गजऱ्यात रंग तिचाच उठून दिसतो. तिची वाळलेली बोंडं पाण्याचा थेंब लागताच तडकतात आणि बी लांब उडतं. मुलांना हा खेळ दाखवाच. त्यामुळे एका झाडाची दहा आपोआप होतात. मात्र 'दिल्ली' नावाने मिळणाऱ्या जातीला बी धरत नाही, तिच्या फांद्यांचे छाट लावावे लागतात. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींचा त्रास होतो. झाड पिवळं पडून खुरटलं तर उपटून मुळं बघा, त्यांवर गाठी दिसतील. लावतानाच प्रत्येक खळग्यात मूठभर निंबोळी पेंड घातली तर हा त्रास कमी होतो. पाणी साचेल अशा जागी ती लावू नये.

कोरांटी. पांढरी, जांभळी किंवा पट्ट्यापट्ट्यांची. पाऊस सरला की फुलायला लागते आणि थंडीभर फुलते. अबोली थंडीत दमते तेव्हा हिची पाळी. कमी पाण्यावर, हलक्या मुरमाड जमिनीत ती टिकते. एकच पथ्य, फुलं संपली की अर्ध्यावर छाटायची, म्हणजे ती बुटकी आणि भरगच्च राहते. पिवळ्या फुलांची काटेकोरांटी लहान मुलांच्या घरात कुंपणाकडेच बरी.

रिओ आणि तिची जांभळी बहीण ट्रेडस्कॅन्शिया. रिओची पानं वरून हिरवी, खालून जांभळी. बुंध्याशी होडीसारख्या आकारात इवली पांढरी फुलं येतात. ट्रेडस्कॅन्शियाला गुलाबी फुलं येतात. फूल लहान, पण जमीन झाकण्याचं काम या दोघी इमानाने करतात. तुटलेली फांदी मातीत खोचली तरी लागते, म्हणून विकत घेऊच नका, शेजारणीकडून मागा. अगदी दाट सावलीत जांभळा रंग फिका पडतो. तोडताना निघणाऱ्या रसाने काहींच्या हाताला खाज येते, हातमोजा किंवा पिशवी गुंडाळावी.

स्पायडर लिली. पांढरी, लांब बोटांसारख्या पाकळ्यांची. एकदा रुजली की कमी पाण्यात राहते. संध्याकाळी अंधारलेल्या कोपऱ्यात पांढरं फूल जितकं दिसतं तितकं लाल दिसत नाही. दाट सावलीसाठी फिकट रंग निवडण्यामागे हेच कारण.

झोपाळू मंडळी

भुईचाफा. पान नाही, फांदी नाही, उन्हाळ्याच्या अखेरीस एकदम जमिनीतून जांभळट-पांढरी सुवासिक फुलं वर येतात. पानं नंतर, पावसात. थंडीत पानं वाळली की झाड मेलं असं समजून पुष्कळ जण जागा खणून टाकतात. तसं करू नका, तिथे एक खूण रोवून ठेवा.

मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली. वर्षभर पत्ता नसतो आणि मे-जूनमध्ये लाल चेंडू वर येतो. कांदे दर वर्षी वाढत जातात.

रेन लिली. गवतासारखी बारीक पानं. पहिला पाऊस झाला की आठवड्याभरात गुलाबी किंवा पांढरी फुलं. हिला थोडं जास्त ऊन लागतं, म्हणून वाफ्याच्या बाहेरच्या कडेला लावावी.

गुलबक्षी. उर्दूत गुल-ए-अब्बास, मराठीत गुलबक्षी किंवा गुलबास. आमच्या वर्गात या एका झाडावर दोन्ही भाषांचा तास होतो. दुपारभर मिटलेली आणि असरच्या सुमारास उमलणारी. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी याहून सोयीचं फूल नाही. तिला जाड कंदमूळ असतं, उन्हाळ्यात वरचं वाळलं तरी पावसात पुन्हा फुटते. तिचं काळं बी विषारी असतं, रांगत्या मुलांच्या घरात बी धरू न देता फुलं खुडत राहावं.

हळद. होय, स्वयंपाकघरातलीच. ओल्या हळदीचं किंवा आंबेहळदीचं डोळा असलेलं कुडं जूनमध्ये पुरा. रुंद पानांनी सावली भरून जाते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पानांच्या मधून फिकट फुलांचा तुरा येतो, आणि माघात खणली की घरची हळद. या वाफ्यातलं कमावतं माणूस हेच.

पावसाळ्यातली पाहुणी मंडळी वेगळी. तेरडा आणि टोरेनिया. दोन्हींचं बी जूनमध्ये टाकायचं, ऑगस्टपासून रंग. तेरड्याचा रंग तीन दिवस असं म्हणतात खरं, पण एकामागून एक फुलं येत राहतात आणि पडलेलं बी पुढच्या वर्षी आपणहून उगवतं. आणि केना, तो तर न बोलावता येतो. त्याची निळी फुलं सुंदर दिसतात, कोवळ्या पानांची भाजी होते. सगळाच उपटू नका, थोडा राहू द्या.

काय आणू नये

मोगरा, गुलाब, झेंडू, ऑफिस टाइम यांना ऊन हवं. सावलीत ती पानं काढतात, फुलं देत नाहीत. सदाफुलीही सावलीत लांबट होऊन वाकते.

वेडेलियाबद्दल स्पष्ट सांगतो. पिवळ्या फुलांचं हे पसरणारं झाड नर्सरीवाले हमखास सुचवतात, कारण ते मरत नाही. मरत नाही हीच त्याची अडचण आहे. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं हे झाड जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे. वाफ्यातून ते गटारीकडे, तिथून ओढ्याकडे जातं आणि तिथलं गवत गिळतं. एका हंगामाच्या हिरवळीसाठी ही पीडा घरात आणू नये.

दहा फूट बाय चार फूट

आता प्रत्यक्ष मांडणी. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा धरू. मागच्या ओळीत दोन-दोन फुटांवर पाच कोरांट्या. मधल्या ओळीत फूट-फूट अंतरावर दहा अबोल्या. पुढच्या कडेला चार बोटांच्या अंतराने तीसेक रेन लिलीचे कांदे. सगळ्यांत अंधाऱ्या टोकाला रिओ आणि दोन स्पायडर लिली. नळाकडच्या टोकाला हळदीची पाच-सहा कुडी. अबोलीच्या मधल्या फटींत भुईचाफा आणि मे फ्लॉवर मिळून दहा-बारा. पहिल्या पावसाळ्यात रिकामी जागा दिसेल, तिथे तेरडा टाका. दुसऱ्या वर्षी तो लागणार नाही.

सगळं एकदम विकत घ्यायची गरज नाही. अबोलीची चार रोपं आणा, बाकी बियांची होतील. चांगल्या रोपांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे चौकशी करावी. माती फारच चुनखडीची वाटत असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासणीबद्दल विचारावं.

पाण्याचा हिशेब

पहिला उन्हाळा हीच खरी परीक्षा. त्यासाठी दोन उपाय. एक, घरातला जुना माठ. ज्याचं पाणी आता गार होत नाही तो फेकू नका. चुना-शेवाळ घासून काढून, मुळं चुकवत, वाफ्यात गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकण ठेवा. भरून ठेवलेलं पाणी हळूहळू पाझरतं आणि नेमकं मुळांपाशी पोचतं. वरून पाइपने मारलेल्या पाण्यातलं निम्मं उडून जातं, हे वेगळं. झाकण विसरू नका, नाहीतर डास होतील. दहा फुटांच्या वाफ्याला दोन माठ पुरतात.

दोन, वजूचं पाणी. त्यात साबण नसतो, त्यामुळे ते थेट झाडांना चालतं. मगाने वजू केलं तर एका वेळी दीड-दोन लिटर पाणी लागतं. पाच माणसांच्या घरात निम्मे वजू जरी घरी होत असतील तरी दिवसाला दीड-दोन बादल्या होतात. टँकरची वाट बघणाऱ्या मोहल्ल्यात ही थोडकी गोष्ट नाही. वजूच्या जागेखाली घमेलं ठेवा किंवा तिथून वाफ्याकडे पन्हळ काढा. वडीलधाऱ्यांना ते पाणी गटारीत जाणं तसंही आवडत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही चालतं. गोश्त-मासळी धुतलेलं मात्र नको, मुंग्या आणि मांजरं येतात.

नेहमीच्या शंका

"झाडोऱ्यात साप-विंचू येतात." ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पण विंचवाला दगड, विटांचा ढीग आणि लाकडं आवडतात. आधी ते हलवा. घराच्या भिंतीलगत दीड फूट पट्टी मोकळी ठेवा, झाडं गुडघ्याच्या खालीच ठेवा, संध्याकाळनंतर वाफ्यात हात घालू नका, आणि पाचोळा काठीने हलवून मगच उचला.

"कोंबड्या सगळं उकरतात." रोपं रुजेपर्यंत दोन महिने बोरीच्या किंवा बाभळीच्या फांद्या आडव्या टाका. मुळं धरली की कोंबड्या फारसं बिघडवत नाहीत, उलट किडे वेचतात.

"बकरी?" बकरीपुढे उपाय नाही, दोरीच आखूड हवी. बकरी ईदआधी अंगणात पाहुणा बांधला असेल तर तो वाफ्यापासून लांब बांधा. अबोली गेली तर पुन्हा येईल, पण लिलीचे कांदे आणि पानं जनावरांना बाधतात, हे ध्यानात ठेवा.

"फरशी घातली की कटकट मिटते." मिटत नाही, पुढे जाते. खोडापर्यंत काँक्रीट भरलं की पावसाचं पाणी मुळांना मिळत नाही, ते थेट रस्त्यावर जातं आणि आपल्याच दारात तुंबतं. झाड कमजोर होतं आणि एखाद्या वादळात फांदी घरावर येते. मग ते 'धोकादायक' ठरतं. चालायला वाट हवीच असेल तर सुट्या शहाबादी फरश्या फट ठेवून मातीवर टाका.

आणि झाड काढण्याबद्दल. महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत दारातलं, स्वतःच्या जागेतलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यासाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. पण कायद्याच्या आधी साधा विचार करा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता या झाडाखाली खाट टाकता येते. ही सावली तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागली. वाफ्याची माती एका पावसाळ्यात सुधारता येते. जे दोन पावसाळ्यांत होतं त्याच्यासाठी वीस वर्षांचं मोडू नये.

या महिन्याचं काम

हा अंक हातात पडेल तेव्हा मे संपत आलेला असेल. खडे ठेवून सावली मोजून घ्या, उन्हाळ्याची मोजणी करायला हेच दिवस आहेत. माठ पुरून घ्या. भुईचाफा, हळद आणि लिलीचे कंद पहिल्या पावसाआधी जमिनीत गेलेले बरे, दोन इंच खोल. अबोली आणि कोरांटी मात्र चांगला वीतभर ओलावा झाल्यावर, जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत. लावल्यावर पहिले तीन आठवडे पावसाने दडी मारली तर एक दिवसाआड पाणी.

ज्यांच्याकडे अबोलीचं किंवा तेरड्याचं बी जास्तीचं असेल त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून ठेवावं. आपल्या मोहल्ल्यात, शाळेत, नात्यात ते वाटावं. वाफ्याबद्दल काही अडलं तर जागा किती, ऊन किती वाजता, पाणी कुठलं, एवढं लिहून पाठवा. पुढच्या महिन्यात गच्चीवरच्या पुदिन्याबद्दल बोलू, इन्शाअल्लाह.